साडेतीन हात जमीन: कायमची की पाळीची?

मुंबई आणि तिच्या आसपासच्या शहरांत घरातले माणूस गेले, की डोळे पुसायच्या आत जागेची चौकशी करावी लागते. कोणत्या दफनभूमीत घेतील, कबर रिकामी आहे का, कागद कोणते लागतील? गोवंडी परिसरात दफनभूमीला जागा मिळावी म्हणून रहिवाशांना उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, आणि 2024 साली न्यायालयाने त्यावरून महापालिकेला खडसावले. एकीकडे जिवंत माणसांना डोक्यावर छप्पर मिळेना, दुसरीकडे मृतांसाठी जमिनी मागायच्या. मग आजच्या समाजाने माणसे पुरत राहावे की ही पद्धत आता सोडून द्यावी?

दोन्ही बाजू पोटतिडकीने मांडल्याशिवाय या प्रश्नाला न्याय मिळत नाही, म्हणून हा संवाद. यातली दोन्ही माणसे कल्पित आहेत. सर वसईतल्या एका मराठी शाळेतून निवृत्त झालेले, धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या पॅरिशच्या, दफनभूमीचे काम अनेक वर्षे पाहिलेले. रीना त्यांची विद्यार्थिनी, आता नगररचनाकार. दोघेही कॅथलिक. हा वाद एका धर्माने दुसऱ्याशी घातलेला नाही, एकाच घरातला आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

रीना: सर, सरळच विचारते. ज्या शहरात जिवंत माणसाला पाय पसरायला जागा नाही, तिथे मेलेल्याला सात फूट बाय तीन फूट जमीन का द्यायची? हिशोब करून बघा. कबर एकवीस चौरस फुटांची. पायवाट आणि दोन कबरींमधली जागा धरली की चाळीस. म्हणजे एका एकरात हजारभर कबरी. एखाद्या धर्मग्रामात वर्षाला पन्नास माणसे गेली, तर वीस वर्षांत एकर भरला. पुढचा एकर कुठून आणणार? आपल्या वसईत केळीच्या वाड्या गेल्या, भाताची शेते गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या चार तुकड्यांत शाळेचे मैदान करायचे, दवाखाना बांधायचा की दफनभूमी वाढवायची, हे मला नकाशावर रंग भरताना ठरवावे लागते.

सर: तुझा गुणाकार बरोबर आहे, पण मुळात धरलेली गोष्ट चुकली. पुरलेला माणूस त्या जागेत कायमचा राहणार, असे तू धरून चाललीस. पाच वर्षांची पाळी लाव. वर्षाला पन्नास माणसे, पाच वर्षांच्या अडीचशे कबरी, म्हणजे दहा गुंठे. मृत्यूंचे प्रमाण तेच राहिले, तर त्याच दहा गुंठ्यांत पुढची शंभर वर्षे निभावतील. मरीन लाइन्सचे बडा कबरस्तान पिढ्यानपिढ्या चालले ते असेच. कबर कच्ची ठेवायची, काही वर्षे जाऊ द्यायची, मग त्याच जागी दुसऱ्याला ठेवायचे. मुंबईतल्या आपल्या चर्चच्या दफनभूमींतही काही वर्षांनी कबर उघडतात आणि अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. पुरायला जमीन फार लागत नाही. अडवून ठेवायला लागते.

रीना: कबर उघडतात ते सांगू नका, सर. माझ्या आजीची उघडली तेव्हा मी तिथे उभी होते. वरची दोन फूट माती भराभर निघाली. मग पेटी लागली. झाकण मधोमध खचले होते, पण त्याच्यावरचा चकचकीत थर शाबूत होता, कडेची सोनेरी मुठीसुद्धा. आत आजीची पॉलिएस्टरची साडी. काठाचा रंगही उतरला नव्हता. पायांत मोजे, हातांजवळ प्लॅस्टिकची फुले, नायलॉनच्या लेसची उशी. खणणाऱ्याने एकदा आत वाकून पाहिले आणि आईला म्हणाला, ‘अजून झालेले नाही, पुढच्या वर्षी या.’ माती परत लोटली. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ज्या पद्धतीत लेकीला हे पाहावे लागते, तिचे समर्थन तुम्ही कसे करता?

सर: तुझ्या आईवर तो प्रसंग यायला नको होता. पण जे घडले त्याचे कारण नीट बघ. माती तिचे काम चोख करते, आपणच तिच्या आड येतो. माती जिवंत असते ती वरच्या थरात. तिथे हवा खेळते, जिवाणू आणि किडे असतात. जितके खोल जावे तितके सगळे मंदावते. त्यात पाणी साचले आणि हवा बंद झाली, की शरीरातल्या चरबीचा मेणासारखा पदार्थ होतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. जर्मनीत चिकण, ओल्या मातीच्या दफनभूमींना हीच अडचण आहे. तिथे कबर ठरावीक वर्षांच्या करारावर मिळते आणि मुदत संपली तरी खाली देह तसाच असतो. आपण मृताला पॉलिएस्टरमध्ये गुंडाळतो, वर पॉलिश केलेली पेटी, तिच्यावर काँक्रीट, आणि मग माती काम करत नाही म्हणतो. वसईतल्या काही चर्चांनी म्हणूनच पेटी सोडली आणि साध्या सुती कापडात दफन सुरू केले. मुसलमानांचे कफन हेच आहे. ज्यू लोकही मृताला साध्या पांढऱ्या कापडात पुरतात. आपण मध्येच थाटामाटाच्या नादी लागलो.

रीना: बरे, कापड सुती घेतले, पेटी सोडली. पण विहिरींचे काय? वसईची जमीन सखल. पावसाळ्यात हातभर खणले तरी पाणी लागते. दफनभूमीच्या कुंपणाशेजारी वाडीची विहीर आणि तिच्यावर अख्खी आळी पाणी भरते, अशा जागा तुम्हीही पाहिल्या असतील.

सर: हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने 1998 साली दफनभूमी आणि पर्यावरण यांवर एक टिपण काढले. चुकीच्या जागी दफनभूमी केली तर भूजल बिघडू शकते, हे त्यात आहे. म्हणून विहिरीपासून अंतर, पाण्याची पातळी, मातीचा प्रकार हे सगळे पाहूनच जागा निवडायची. पण ही जागा निवडायची शिस्त झाली. शौचालयाचा खड्डा विहिरीला लागून खणला तर आपण खड्डा हलवतो, शौचालय रद्द करत नाही. आणि भीती किती खरी, किती ऐकीव, हेही पाहावे लागते. आठव, 2020 चा मार्च. मुंबई महापालिकेने आदेश काढला, की करोनाने गेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करायचे. काही तासांत तो बदलावा लागला. मग वांद्र्याच्या कबरस्तानांत करोनाचे मृतदेह पुरू नयेत म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले. त्या वर्षी मे महिन्यात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती संभाजी शिंदे यांच्या खंडपीठाने दफनावर बंदी घालायला नकार दिला. पुरलेल्या देहातून हा रोग पसरतो याला पुरावा नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी सांगितले.

रीना: हक्क मला मान्य आहे. पण सन्मान मातीतच असतो असे कुठे आहे? आपल्या चर्चने 1963 साली दहनाला परवानगी दिली. 2016 च्या सूचनेतही दफन अधिक पसंत असले तरी दहनाला मनाई नाही. अस्थी उधळू नयेत, घरात ठेवू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात, इतकेच म्हटले आहे. ब्रिटनकडे बघा. तिथे 1885 साली वोकिंगला पहिले आधुनिक दहन झाले तेव्हा केवढा गहजब! आज तिथे बहुसंख्य लोक दहनच निवडतात. जपानमध्ये तर जवळजवळ प्रत्येकाचे दहन होते. धर्म बुडाला नाही, माणुसकी बुडाली नाही, जमीन वाचली. आपण कशासाठी अडून बसलोय?

सर: दहनाला मी कमी लेखत नाही. आपले बहुतेक शेजारी त्याच वाटेने जातात. पण दहन फुकटचे आणि दफन खर्चाचे, हे मला पटत नाही. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. ते कुठल्या तरी झाडाचेच असते. गॅसदाहिनी आठशे अंशांच्या वर तापवावी लागते, देहामागून देह, वर्षभर. दातांत भरलेल्या चांदीतला पारा धुरावाटे बाहेर पडतो, म्हणून युरोपात चिमण्यांना गाळण्या बसवाव्या लागल्या. 2021 च्या दुसऱ्या लाटेत सुरतेत दाहिन्या इतक्या अखंड चालल्या, की आतल्या लोखंडी जाळ्या वितळल्या. मातीला वीज लागत नाही आणि तिचे यंत्र बंद पडत नाही. जमिनीचा खर्च डोळ्यांना दिसतो, धुराचा दिसत नाही, इतकाच फरक.

रीना: दिसणाऱ्या खर्चाबद्दलच बोलूया मग. तुमच्या त्या दहा गुंठ्यांत सगळ्यांना सारखी पाळी आहे का? प्रवेशद्वाराजवळ संगमरवरी कबरी कोणाच्या असतात? ज्यांनी पैसे भरून कायमची जागा घेतली त्यांच्या. गरिबाची कबर पाळीत उघडते, श्रीमंताचा पणजोबा जागेवर ठाण मांडून असतो. जिवंतपणी जी विषमता सोसली, तिला मेल्यावर दगडात कोरून ठेवायचे. मी नगररचनाकार म्हणून सांगते, कायमस्वरूपी खासगी कबर म्हणजे सार्वजनिक जमिनीचे खासगीकरण.

सर: इथे मी तुझ्याशी शंभर टक्के सहमत आहे. कायमची कबर विकणे बंद झाले पाहिजे. आणि हा काही आपलाच नवा शोध नाही. पॅरिसच्या मध्यवस्तीत एक जुनी दफनभूमी होती. शतकानुशतके माणसे पुरून तिची जमीन इतकी भरली, की 1780 साली शेजारच्या तळघराची भिंत कोसळली. दफनभूमी बंद करावी लागली आणि 1786 पासून तिथल्या अस्थी खाणींतल्या भुयारांत हलवल्या. त्यानंतर 1804 च्या हुकूमनाम्याने शिस्त घातली: दफनभूमी वस्तीबाहेर, प्रत्येकाचा खड्डा वेगळा आणि खोल, आणि पाच वर्षे उलटल्याशिवाय तीच जागा पुन्हा वापरायची नाही. म्हणजे पाळी त्यांनीही मान्य केली. पण त्याच हुकुमाने पैसेवाल्यांना कायमची जागा विकत घ्यायची सोय ठेवली. समतेच्या गोष्टी बोलणाऱ्या देशाने तिथे माघार घेतली असे मला वाटते. सिंगापूरने ती घेतली नाही. 1998 पासून तिथे कबरीची मुदत पंधरा वर्षे. मुदत संपली की उकरायचे. ज्यांच्या धर्मात चालते त्यांच्या अस्थींचे दहन, ज्यांच्यात चालत नाही त्यांच्या अस्थी लहान जागेत पुन्हा पुरायच्या. नियम गरिबाला एक आणि श्रीमंताला दुसरा, असा नाही. आणि कुणाच्या श्रद्धेला धक्काही नाही.

रीना: मग सर, एक पाऊल पुढे टाका. पाळी मान्य, तर धर्माधर्मांची कुंपणे कशाला? जागेची टंचाई आहे ती अर्धी या कुंपणांमुळे. कॅथलिकांची वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी, मुसलमानांमध्येही जमातीजमातींची वेगळी. गावोगावच्या स्मशानात जात पाहून जागा ठरते, दलित वस्तीला स्मशानाची वाटही मिळत नाही. छत्तीसगडच्या बस्तरमधले 2025 चे प्रकरण तुम्ही वाचले असेल. एका ख्रिस्ती माणसाला त्याच्या गावात पुरायला विरोध झाला. देह सुमारे तीन आठवडे शवागारात पडून. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे दोन न्यायमूर्तींची मते पडली वेगवेगळी. शेवटी देह अडकून पडू नये म्हणून गावापासून दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश निघाला. ज्या गावात माणूस जन्मला आणि जगला, तिथे त्याला साडेतीन हात जमीन नाही. दफनभूमी हे असे हत्यार होत असेल, तर ती नकोच.

सर: तो मुलगा बापाचा देह शवागारात ठेवून न्याय मागत फिरला, हे वाचून मलाही अन्न गोड लागले नाही. पण उलटून विचार कर. त्या मुलाला दफनभूमी नको होती का? त्याला हवी होती, म्हणून तर तो झगडला. जिच्यासाठी माणूस इतका झगडतो, ती त्याच्यापासून काढून घेणे हा त्याच्यावरच्या अन्यायाचा इलाज होत नाही. इलाज हा, की गावात सर्वांसाठी जागा असेल आणि ती द्यायची जबाबदारी सरकारची असेल. दफन ही काही फक्त आपली आणि मुसलमानांची गोष्ट नाही. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, लातूर, नांदेडकडचा लिंगायत समाज मृताला बसवून पुरतो, विभूती लावून, बेलाची पाने वाहून, हातात इष्टलिंग देऊन. दशनाम गोसाव्यांमध्ये समाधी देतात. महानुभावांमध्ये निक्षेप, म्हणजे दफनच, करतात. एरवी दहन करणारे हिंदूही तान्हे मूल गेले तर पुरतातच. अख्खा वारकरी महाराष्ट्र आळंदीला जातो, तो 1296 साली ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या समाधीपाशी. पुरणे या मातीला परके नाही. ते बंद करा म्हणताना आपण किती जणांना बंद करा म्हणतो आहोत, ते मोज.

रीना: मी बंदी म्हणत नाही. आपणहून सोडा म्हणते. आठवण ठेवायला देह पुरावाच लागतो का? बाबासाहेबांचे दहन 1956 साली दादरच्या किनाऱ्यावर झाले. दरवर्षी 6 डिसेंबरला तिथे लाखो माणसे येतात. घरातली चटणी-भाकर बांधून, दूरदूरच्या जिल्ह्यांतून, रात्रभर प्रवास करून. तिथे कबर नाही. आठवण कमी झाली का?

सर: कबर नाही, पण जागा आहे. चैत्यभूमी आहे, स्तूप आहे, आत अस्थी आहेत. तू माझ्याच बाजूची साक्ष काढलीस. माणसाला जाऊन उभे राहायला, डोके टेकायला एक ठिकाण लागते. मोठ्या माणसाला ते समाज उभारून देतो. माझ्या आळीतल्या मासळी विकणाऱ्या बाईला कोण उभारून देणार? तिची लेकरे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मेणबत्ती घेऊन येतात, कबरीवरचे गवत उपटतात, फादर प्रार्थना म्हणत पाणी शिंपडत पुढे जातात. तिला मिळालेले स्मारक तेवढेच. अलिबागजवळच्या नवगावला कधी गेलीस तर बघ. बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज त्या किनाऱ्याजवळ फुटले, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरले. कोकणात तेल गाळत, मराठी बोलत ते शतकानुशतके राहिले. आता त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, पण आजही नवगावला येतात, कारण त्यांच्या कथेची सुरुवात त्या मातीत आहे. लिहिलेला इतिहास हाती नव्हता, तेव्हा त्यांनी दफनभूमी धरून ठेवली.

रीना: जागा हवी, हे मान्य. पण ती देहाचीच हवी असे नाही. एक भिंत पुरेल, नावे कोरायला.

सर: नावांची भिंत मलाही चालेल, पाळी संपल्यावर. पण देह मातीत असण्याला आणखी एक अर्थ आहे, तोही ऐक. मातीत पुरावा टिकतो. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने हजारो माणसे नाहीशी केली. कित्येकांना निनावी कबरींत पुरले. राजवट गेली आणि 1984 पासून तिथल्या तरुण मानववंशशास्त्रज्ञांनी त्या कबरी शास्त्रशुद्ध पद्धतीने उकरायला घेतल्या. अस्थींवरून माणसे ओळखली, आयांना मुलांच्या अस्थी परत दिल्या, आणि त्या अस्थींनी न्यायालयात साक्ष दिली. घाईघाईने पेटवलेल्या चितेतून असे काही उरत नाही. दुबळ्या माणसाच्या मृत्यूत काही काळेबेरे असेल, तर दुसऱ्यांदा तपासणी मागायचा हक्क मातीत शिल्लक राहतो.

रीना: याचा विचार मी केला नव्हता. हे मी मान्य करते, पण प्रत्येक मृत्यूला हा निकष लावता येणार नाही. आता माझे ऐका. जग दफन आणि दहन या दोघांच्याही पुढे निघाले आहे. इंग्लंडात कार्लाइलला 1993 मध्ये अशी दफनभूमी सुरू झाली, जिथे दगड नाही, साध्या पेटीत किंवा कापडात पुरायचे आणि वर झाड लावायचे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने 2019 साली कायदा केला. लाकडाचे बारीक तुकडे आणि गवत यांच्यात देह ठेवायचा, काही आठवड्यांत त्याची माती होते. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी स्वतःसाठी दहन किंवा पेटीतले दफन न मागता पाण्याच्या साह्याने होणारे विघटन मागितले. इतके मोठे धर्मगुरू हा निर्णय घेतात, तर आपण का नाही?

सर: टुटूंनी साधेपणा मागितला. त्यांची पेटीसुद्धा स्वस्तातली होती. ते मला पूर्ण पटते. आणि कार्लाइलला जे केले ते ऐकून मला आनंद होतो, कारण ते आपल्या आज्यापणज्यांचेच दफन आहे. कापड, माती, वर झाड. वॉशिंग्टनचेही तेच, फक्त जमिनीच्या वर. म्हणजे जग मातीकडेच परत निघाले. फरक एवढा, की ती माती कोणाच्या नावावर राहत नाही.

रीना: तर मग आपण भांडतोय कशावर?

सर: तू म्हणतेस दफनभूमी संपवा. मी म्हणतो मालकी संपवा.

रीना: मी माझे मत सगळे मागे घेत नाही. माझे शरीर मी देहदानाला देणार आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना शिकायला उपयोगी पडेल, आणि मला ना माती लागेल ना लाकूड. त्यासाठी 1949 पासून आपल्याकडे कायदाही आहे. आणि मुंबईसारख्या शहरात जितक्या लोकांना मनापासून दहन चालेल, त्यांनी ते निवडावे, म्हणजे ज्यांना माती हवीच आहे त्यांना ती मिळेल. पण एवढे मात्र मान्य करते: नवा आराखडा करताना दफनभूमीचा रंग मी पुसणार नाही. तिला पाळीची अट घालीन, काँक्रीटला मनाई करीन, विहिरीपासूनचे अंतर लिहीन, झाडे लावायला सांगीन.

सर: आणि मी समितीत कायमच्या कबरींचा विषय काढीन. माझ्या स्वतःच्या घरची कबर आहे. तिच्यापासूनच सुरुवात करीन.

या संवादानंतर लेखक म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. आधुनिक समाजाने दफन सोडायचे कारण नाही, कायमची कबर मात्र सोडली पाहिजे. शहरातली जमीन मृतांनी खाल्लेली नाही. तिच्यावर काँक्रीट ओतून, संगमरवर बसवून, पैसे भरून तिची मालकी मिळवणारे आपण जिवंतच आहोत. नियमाने फिरणारी पाळी, सुती कापड, जिवंत माती, एका भिंतीवर सर्वांची नावे आणि अस्थींसाठी एक सामाईक सन्मानाची जागा, इतके केले तर मोठ्या लोकवस्तीलाही थोडी जमीन पुरते. पाळीचा काळ किती, हे त्या त्या जागेची माती पाहून ठरवावे. कबर अकाली उघडून कोणा लेकीला आईचे न कुजलेले वस्त्र पाहावे लागू नये.

दुसरी गोष्ट सरकार आणि महापालिकांची. मृतांसाठी जमीन देणे हे कोणा समाजावर केलेले उपकार नाहीत. नळाचे पाणी आणि दवाखाना यांच्याइतकीच ती नागरी सेवा आहे. 1865 साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी सुरू केली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत रचणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथेच पुरलेले आहेत. त्याच काळात सोनापूरचे स्मशान शहराबाहेर हलवण्याच्या बेताला नाना शंकरशेट यांनी विरोध केला आणि लोकांची जागा राखली. त्या काळच्या मुंबईला दोन्ही गोष्टी कळत होत्या: दफनाला जागा द्यावी लागते आणि दहनाची जागा हिरावून घ्यायची नसते. आजच्या विकास आराखड्यांत दफनभूमी आणि स्मशानभूमीसाठी आरक्षणे असतात, पण कागदावरचे आरक्षण आणि ताब्यात आलेली जमीन यांत वर्षे जातात, कधी अतिक्रमण होते, कधी शेजारच्या वस्तीचा विरोध. तो विरोध करणाऱ्यांनी स्वतःच्या घरातल्या मृत्यूची आठवण ठेवावी.

आणि वाचकांना विनंती. आपल्या शहराच्या आराखड्यात अंत्यविधीच्या जागा कुठे राखल्या आहेत आणि त्यांतल्या किती प्रत्यक्षात आल्या, हे आपल्या नगरसेवकाला विचारा. आपल्या धर्मग्रामात, जमातीत, गावात कायमच्या कबरी विकल्या जात असतील तर त्या थांबवण्याचा ठराव मांडा. माती, अग्नी की देहदान, स्वतःसाठी काय हवे ते घरच्यांना आजच सांगा आणि लिहून ठेवा. मातीच हवी असेल, तर सुती कापड मागा, आणि आपली पाळी संपल्यावर ती जागा पुढच्याला द्यावी, असेही त्यात लिहा.